उसण, चमक, जाम खांदा : फिजिओकडे नक्की कधी जायचं

संक्रांतीला तिळगुळाचा डबा वरच्या फळीवरून काढताना उजव्या खांद्यात पहिली चमक आली आणि श्रावणात मंगळागौरीला निघताना ब्लाऊजचा मागचा हुक लागेना म्हणून नवऱ्याला हाक मारावी लागली, मधले सात महिने मी काय केलं तर बाम, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या आणि "होईल बरं". गंमत म्हणजे दुखत फार नव्हतं. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची, बाकी दिवस निभावून जायचा, आणि तो का निभावून जायचा हे नंतर कळलं, मी हळूहळू सगळं डाव्या हाताने करायला लागले होते. केस डाव्या हाताने विंचरायचे, फळीवरचं डाव्या हाताने काढायचं, दोरीवर कपडे वाळत घालायचं काम पोराच्या गळ्यात मारलं. शेवटी एकदाची गेले तर ती फिजिओ (माझ्या भाचीच्या वयाची, मला काकू म्हणाली, ते जरा लागलंच) कुठे दुखतं हे नंतर विचारत बसली, आधी म्हणाली, "काकू, काय काय करायचं बंद केलंय?" मी बोटांवर मोजायला लागले आणि माझंच मला कसंतरी झालं.

तेव्हापासून कुणी मला विचारलं की ताई, फिजिओकडे जाऊ का, तर मी हाच प्रश्न पुढे ढकलते. दहापैकी किती दुखतं या आकड्यावरून घरबसल्या फार काही ठरत नाही, एखादी बाई चारला रडते आणि एखादा शेतकरी आठला ट्रॅक्टर चालवतो. दुखण्यापायी तुम्ही काय सोडलं ते बघा. मांडी घालून जेवायला बसणं सोडलं, देवळात पायऱ्यांऐवजी रॅम्प शोधायला लागलात, गाडीला किक मारायची टाळता, नाशकातल्या गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी चालण्याचे चार राऊंड व्हायचे त्याचा एक झाला आणि आता तोही "आज नको". असं सोडलेलं एखादं काम दोन-तीन आठवड्यांत परत जमायला लागलं नाही, किंवा सोडलेल्या कामांची यादी वाढतच चालली, तर जायची वेळ झाली. दुखणं सहन होतंय की नाही याची वाट बघू नका, माणूस काहीही सहन करतो.

आता सगळ्यालाच फिजिओ लागतो असंही नाही बरं का. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराची फेरी करून आलं की दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की संडासात बसताना आई आठवते. ते दुखणं जास्त करून उतारावर कमावलेलं असतं, उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात, म्हणून त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर असतो आणि आठवड्याभरात आपोआप उतरतं. दोन्ही पाय सारखे दुखतात ही त्याची खूण. एकच पोटरी दुखतेय, सुजलीय, गरम लागतेय तर ती गोष्ट वेगळी, ते खाली सांगते.

उसणही तशीच. वाकून गॅसची टाकी सरकवली, कमरेत कट्ट झालं आणि माणूस तिथेच थिजला. माझ्या सासूबाई निफाडकडच्या, त्यांच्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधतात, म्हणजे जन्माला येताना पायाकडून आलेला, त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते म्हणे. माझ्या नवऱ्याची उतरलीसुद्धा! पण साधी उसण पायाळू येवो न येवो, पहिले चार-आठ दिवस छळते आणि मग बहुतेकांची दोन-चार आठवड्यांत ढिली होतेच, श्रेय पायाळूला जातं इतकंच. तोवर काय करायचं तर झोपून राहायचं नाही. पूर्वी डॉक्टर आठ-आठ दिवस बेडरेस्ट सांगायचे, आता कोणी सांगत नाही, कारण पडून राहिलं की कंबर अजून आखडते. शेक घ्या, घरातल्या घरात फिरा, दर अर्ध्या तासाने उठा, कमरेचा पट्टा बांधलाच तर दोन-चार दिवस, कायमचा नको. पंधरा दिवसांत काहीच फरक नाही तर फिजिओ. आणि एका वर्षात तिसऱ्यांदा उसण भरली असेल तर आत्ता दुखत नसलं तरी फिजिओ, उलट आत्ताच जा, दुखत नसतानाच व्यायाम नीट शिकता येतो.

माझ्या खांद्याचं नाव फ्रोजन शोल्डर. साधारण चाळीस ते साठच्या वयात होतो, बायकांना जास्त आणि डायबेटिसवाल्यांना तर खूपच जास्त. आधी दुखतो, मग दुखणं कमी होऊन जाम होतो (आणि आपण म्हणतो चला, बरं वाटायला लागलं), मग सुटायला लागतो, सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं खातो. घरी बघायची सोपी युक्ती सांगते. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, हात काटकोनात पुढे, आणि आता कोपर न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, कपाटाची दोन दारं उघडतात तसे. एक दार अर्धंच उघडलं आणि दुसऱ्याने धरून उघडायचा प्रयत्न केला तरी अडकलं, तर सांधा जाम होतोय. याउलट दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो पण तुमचा तुम्हाला उचलत नाही, तर बहुतेक आतल्या स्नायूच्या दोरीचं दुखणं असतं, आणि हे पडल्यावर एकदम झालं असेल तर फिजिओच्या आधी हाडाच्या डॉक्टरकडे जा, दोरी तुटलेली असू शकते, तिथे महिने घालवले तर शिवायलाही अवघड जातं. माझ्या बाबतीत त्या पोरीने पहिल्याच दिवशी साखर तपासायला पाठवलं. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ७.८ आली. साडेसहापासून पुढे डायबेटिस धरतात, म्हणजे खांद्याच्या निमित्ताने मला साखर सापडली, सात महिन्यांपूर्वी गेले असते तर तीही सात महिने आधी सापडली असती.

आपल्याकडची दुखणी आपल्या कामाची असतात, हे नाशकात तर फारच दिसतं. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की द्राक्षबागेत घडातले मणी कमी करायची विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, दिवसच्या दिवस हात डोक्याच्या वर आणि मान मागे. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या बायका हे काम करतात आणि खांद्याच्या खाली दंडाच्या बाहेरच्या बाजूला दुखतं असं सांगतात, हात बाजूने वर नेताना मधेच एका टप्प्यावर कळ येते आणि पुढे गेला की परत बरं. ही कळ सीझन संपला की जाईल म्हणून सोडून देतात आणि पुढच्या सीझनला ती पहिल्याच आठवड्यात हजर असते. विरळणीच्या कात्रीने अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट बधिर होतं, रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, हे मनगटात नस दबल्याचं. पोळ्या-भाकरी करणाऱ्या बायकांनाही होतं आणि थायरॉईड, डायबेटिस किंवा गरोदरपण असेल तर अजून सहज होतं. करंगळी मुंग्यांत नसेल तर मनगटाचा संशय घ्या, आणि हातातून कप निसटायला लागला, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट दिसायला लागला तर शेक घेत बसू नका.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनवर आठ तास उभं राहणाऱ्यांची टाच. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा, दहा पावलं चाललं की कमी, संध्याकाळी परत. हे एक्सरेत काटा दिसला म्हणून नाही दुखत, काटा न दुखणाऱ्यांच्या टाचेतही असतो, तळव्याचा पट्टा ओढला जातो म्हणून दुखतं. मऊ चप्पल घरातही घाला, पोटरी ताणायचा व्यायाम करा, गार बाटली तळव्याखाली फिरवा, आणि तीन-चार आठवड्यांत उतार नाही तर जा. हे चिवट दुखणं आहे, काही महिने घेतं, घाई करून इंजेक्शनं मारत सुटू नका.

ढोल पथकातली पोरं एक वेगळीच जमात. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोजची प्रॅक्टिस, एवढा ढोल कमरेला बांधून मागे वाकून वाजवायचा, कंबर आणि मनगट दोन्ही बोलायला लागतात पण पथकातून नाव कटेल म्हणून कोणी सांगत नाही, विसर्जनापर्यंत दम धरू म्हणतात. नुसती कंबर भरून येत असेल तर धरा दम. पायात कळ उतरत असेल, हाताला मुंग्या येत असतील तर विसर्जनाची वाट बघायची नाही, फिजिओ बहुतेक वेळा वाजवणं पूर्ण बंद करायला सांगत नाही, पट्टा कुठे बांधायचा आणि किती वेळ वाजवायचं ते बदलून देतो.

गुडघ्यांबद्दल थोडक्यात. "ग्रीस संपलं", "वाटी घासली" हे ऐकून माणसं चालणं सोडतात, आणि चालणं सोडलं की मांडीचा स्नायू वाळतो, मग गुडघ्यावर अजून भार. एक्सरेत झीज दिसली तरी पहिला उपाय व्यायाम आणि वजन हाच असतो, ऑपरेशन शेवटी. नुसता कटकट आवाज येतो पण दुखत नाही, सूज नाही, तर वाजू दे. पण खेळताना पाय मुरगळून आत टक्क आवाज झाला आणि दोन-चार तासांत गुडघा फुगला तर आत लिगामेंट तुटून रक्त साठलेलं असू शकतं, आधी हाडाचा डॉक्टर. घोटा मुरगळला आणि लगेच किंवा नंतर चार पावलंसुद्धा टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावरच बोट दाबलं की जीव जातो, तर एक्सरे काढा. हाडवैद्याने ओढून बसवायच्या आधी काढा, मोडलेल्या हाडावर मालिश केल्याचे प्रताप मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत.

अजून दोन गोष्टींसाठी फिजिओकडे जाता येतं हे लोकांना माहीतच नसतं. एक, अंथरुणात कूस बदलली की घर गरागरा फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं अशी चक्कर, ती कानातले बारीक खडे जागचे हलल्याने येते आणि डोकं ठराविक पद्धतीने फिरवून ते परत जागेवर नेता येतात, काहींची एका बैठकीत जाते. मात्र चक्करेबरोबर जीभ जड, तोंड वाकडं, हात लुळा असं काही असेल तर सरळ १०८ ला फोन. दुसरी, बाळंतपणानंतर खोकलं-शिंकलं की लघवीचे थेंब जाणं. बायका वर्षानुवर्षं पॅड लावून फिरतात आणि कोणाजवळ बोलत नाहीत. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ असतात, फोनवर आधी विचारून घ्या की तुम्ही हे बघता का.

आणि आता ते, जिथे फिजिओचा नंबर नंतर लागतो. हा भाग घाईत वाचू नका.

कंबर दुखतेय आणि बसायच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आलाय, लघवी तुंबलीय किंवा कळतच नाहीये, शौचावर ताबा नाही, तर त्याच रात्री हॉस्पिटल, सकाळची वाट नको. मणक्याच्या शेवटी नसांचा जुडगा दबलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशोब असतो. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, टाचांवर चालायला गेलं तर पंजा उचलत नाही, हेही लगेच डॉक्टरला दाखवायचं. कमरेच्या दुखण्याबरोबर संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, रात्री दुखण्याने झोप मोडते आणि कुठल्याच कुशीवर आराम नाही, तर मणक्याचा टीबी नाहीतर दुसरं काही आहे का हे आधी बघावं लागतं. आपल्या देशात टीबी फुप्फुसातच होतो असं समजू नका. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, बरीच वर्षं स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील, किंवा साठी-सत्तरीतली आजी नुसती घसरून बसली आणि तेव्हापासून कंबर नाहीतर जांघ दुखते, तरी आधी डॉक्टर आणि एक्सरे.

डावा खांदा, जबडा, पाठ दुखतेय आणि चालताना वाढतं, उभं राहिलं की थांबतं, घाम फुटतो, तर तो खांदा नसून हृदय असू शकतं. मघाशी म्हटलं ती एकच सुजलेली गरम पोटरी, विशेषतः ऑपरेशननंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, ती रक्ताच्या गुठळीची असू शकते, तिला मालिश अजिबात करायचं नाही. बोटांचे बारीक सांधे दोन्ही हातांचे सुजलेत आणि सकाळी तासभर मूठ वळत नाही, तर संधिवाताची रक्ततपासणी. पंचविशी-तिशीतल्या पोराची कंबर पहाटे दुखून जाग येते, आरामाने वाढते आणि हललं की कमी होते आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर तेही संधिवाताच्या डॉक्टरचं काम. पावसाळ्यात चिकनगुनिया होऊन गेलेल्यांचे सांधे महिनोन्महिने दुखू शकतात, ते मात्र डॉक्टरच्या औषधाबरोबर फिजिओकडे न्यायला हरकत नाही.

मधेच एमआरआयबद्दल. "गादी सरकलीय" असा रिपोर्ट आला की घरात सुतक पडतं. पण काहीच न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तर विशीतल्या साधारण ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्याच्या गादीत झीज दिसते, म्हणजे ती डोक्यावरच्या पांढऱ्या केसांसारखी गोष्ट आहे. वरच्या धोक्याच्या खुणा नसतील तर पहिल्या आठवड्यात स्वतःच्या मनाने एमआरआय काढायला धावू नका. पेनकिलरचंही तेच, पाच-सात दिवस डॉक्टरच्या सल्ल्याने ठीक, पण मेडिकलमधून आणून महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटात अल्सर आणि किडनीवर भार, बीपी-शुगरवाल्यांनी तर फारच जपून.

आता जायचं कोणाकडे. फिजिओथेरपीची बीपीटी/बीपीटीएच किंवा एमपीटी/एमपीटीएच डिग्री बघा. महाराष्ट्रातल्या बहुतेक फिजिओंच्या डिग्रीवर आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं नाव असतं आणि १९९८ ला स्थापन झालेलं ते विद्यापीठ आपल्याच नाशकात, दिंडोरी रोडला म्हसरूळला आहे. मसाजचा किंवा ॲक्युप्रेशरचा कोर्स केलेला माणूस चांगला असेलही, पण तो फिजिओ नाही. पैशाची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटल किंवा फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत चौकशी करा, विद्यार्थी तपासतात म्हणून नाक मुरडू नका, ते वेळ जास्त देतात.

मंगळागौरीनंतर, त्या पोरीकडे पोचायच्या आधी, मी एका ठिकाणी जाऊन फसले होते, नाव घेत नाही. दहा सेशनचं पॅकेज, पैसे आधी, गेलं की पडद्यामागे झोपवायचं, खांद्याला चार चिकट पट्ट्या लावून मशीन सुरू, वीस मिनिटांनी घंटी वाजली की "या उद्या". दहा दिवसांत माझा हात कोणी उचलूनसुद्धा बघितला नाही. मशीनने त्या वेळेपुरतं बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही, पण आपल्याकडे "शेक घ्यायला जाते" हेच फिजिओथेरपीचं नाव पडलंय ना, तिथे गडबड आहे. चांगला फिजिओ पहिल्या दिवशी निम्मा वेळ तपासण्यात घालवतो, हलवून बघतो, मोजतो, घरचं काम देतो आणि पुढच्या वेळी ते केलं का हे मास्तरासारखं विचारतो. किती दिवस लागतील याचा अंदाज विचारा. चार-पाच वेळा जाऊनही काहीच बदल नसेल तर "आता पुढे काय" हे स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही. "मणका सरकलाय, महिनाभर रोज बसवावा लागेल" असं कोणी म्हणालं तर चपला घाला आणि निघा.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. मला सांगितलेला हिशोब असा, करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीच्या पातळीवर आलं पाहिजे, नाही आलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, कमी करा, बंद नका करू. कमरेतून पायात उतरणारी कळ असेल त्यांनी अजून एक लक्षात ठेवा, कळ पावलापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कुल्ल्यापर्यंत वर सरकली आणि कंबर मात्र थोडी जास्त दुखायला लागली तर ती सुधारणा असते. माझा दीर याच टप्प्यावर घाबरून व्यायाम सोडून बसला होता, "कंबर वाढली" म्हणून.

जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं आणि सोडलेल्या कामांची यादी कागदावर लिहून न्या, तिथे गेलं की निम्मं विसरतं. गुडघा दाखवायचा तर ढगळ पायजमा, खांदा दाखवायचा तर सैल बाह्यांचा कुर्ता. नाशकातले बरेच क्लिनिक दुपारी एक ते चार-पाच बंद असतात आणि संध्याकाळी सातनंतर कंपन्या सुटलेल्यांची गर्दी, तेव्हा फोन करून सकाळची दहा-अकराची वेळ मागा, पहिल्या तपासणीला तेवढा निवांत वेळ मिळतो.